आधी मोजा, मग पाना हातात घ्या: घरच्या घरी बेस गिटारची निगा आणि फेरफार

बेस घेऊन वर्षभर झालं की तक्रारी सुरू होतात. तार फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) खडखडते, बाराव्या फ्रेटच्या वर सूर चढा लागतो, दोन गाणी वाजवली की डावा हात भरून येतो, आणि डोक्यात पहिला विचार येतो तो नवे पिकअप (तारांची थरथर टिपणारे चुंबकी भाग) बसवण्याचा. माझ्याकडे कोणी असा बेस आणला की मी आधी फक्त मोजमापं घेतो. बहुतेक वेळा पिकअप ठणठणीत असतात. नेक, म्हणजे गिटारची मान, वाकलेली असते, तारा मळलेल्या असतात आणि सॅडल (बॉडीच्या बाजूला प्रत्येक तार टेकते ते छोटे आधार) कारखान्यातून आली तशीच असतात. दोनेक तास नीट बसलं की तोच बेस वेगळा वाजायला लागतो, आणि तारांखेरीज एकही नवा भाग लागत नाही.

म्हणून हा लेख निगेपासून सुरू होतो आणि फेरफार नंतर येतात. निगेतही क्रम पाळायचा: आधी तारा, मग नेक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) आणि शेवटी पिकअपची उंची. नेक हलली की तारांची उंची बदलते, उंची बदलली की इंटोनेशन बदलतं. उलट दिशेने गेलात तर एकच काम तीनदा करावं लागेल.

सुरू करण्याआधी एक वही घ्या. प्रत्येक गोष्टीला हात लावण्याआधी ती आत्ता किती आहे ते लिहून ठेवा. काही बिघडलं तर परत जायला वाट असते, आणि सहा महिन्यांनी हवा बदलल्यावर नेक किती हलली हे डोळ्यांना दिसतं.

हत्यारं

फार लागत नाही. मिलिमीटरच्या अर्ध्या भागापर्यंत खुणा असलेली धातूची पट्टी, चांगला ट्यूनर, अ‍ॅलन की, योग्य मापाचे स्क्रू ड्रायव्हर, वायर कापायची पक्कड, एक कॅपो (फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) आणि मऊ सुती कापड. सोल्डरिंग (वितळलेल्या धातूने वायरी जोडणं) करणार असाल तर त्याचं सामान आणि एक साधा मल्टिमीटर.

अ‍ॅलन कीबद्दल मात्र चालढकल करू नका. काही बेसना मिलिमीटरच्या मापाची की लागते, काहींना इंचाच्या. दोन्ही मापं इतकी जवळ असतात की चुकीची कीसुद्धा आत जाते, थोडी फिरते आणि मग ट्रस रॉडच्या (नेकमधल्या सळईच्या) नटाच्या आतल्या कडा गोल करून टाकते. एकदा कडा गेल्या की साधं काम मोठ्या दुरुस्तीचं होऊन बसतं. की आत पूर्ण टेकली पाहिजे आणि तिला जराही खेळ नसला पाहिजे.

बारीक फट मोजायला फीलर गेज मिळतं. ते नसेल तर सहा तारी गिटारची सुटी तार वापरा. पाकिटावर ०.०१० इंच लिहिलेली तार म्हणजे ०.२५ मिमी आणि ०.०१२ इंचाची म्हणजे ०.३० मिमी. बेसच्या नेकला नेमकी एवढीच फट लागते, त्यामुळे या दोन तुकड्यांवर मी कित्येक बेस लावले आहेत.

तारा बदलणं

जुन्या तारांवर बाकीची कुठलीही मापं घेण्यात अर्थ नाही. घाम आणि मळ तारेच्या वेटोळ्यांत साचतो, फ्रेटच्या जागी खालून खाचा पडतात आणि तार सगळीकडे सारख्या वजनाची राहत नाही. अशी तार कितीही सॅडल हलवलं तरी सुरात येत नाही.

आधी लांबी पाहा. फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस आणला तेव्हा नट (खुंट्यांकडची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) ते ब्रिज (बॉडीवरचा, सॅडल बसवलेला भाग) हे अंतर ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिमी ठेवलं, आणि आजही बहुतेक बेस याच लांबीचे असतात. तुमचा बेस ३० इंचांच्या आसपासचा छोट्या स्केलचा असेल किंवा तारा बॉडीच्या मागून ओवल्या जात असतील तर त्या हिशेबाने तारा घ्या. नेहमीचा संच ०.०४५ ते ०.१०५ इंचांचा असतो.

नवख्या माणसाने एकेक तार बदलावी. चारही तारांचा मिळून नेकवर ७०-८० किलोंच्या आसपास ताण असतो. एकेक तार बदलली की हा ताण एकदम जात नाही आणि नेक फारशी हलत नाही. फ्रेटबोर्ड साफ करायचा असेल तर चारही तारा काढायला हरकत नाही, फक्त काम आटोपून लगेच नव्या चढवा.

आता कापायचं कसं ते नीट पाहा, कारण इथेच तार वाया जाते. तार ब्रिजमधून ओवून तिच्या खुंटीपर्यंत ताणा. खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटीमीटर जागा सोडा आणि तिथे आधी पकडीने तार काटकोनात वाकवा. वाकवल्यावर त्या वाकाच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर काही तारांची वरची वेटोळी आतल्या गाभ्यावर सैल होतात, आणि मग ती तार कायमची मेल्यासारखी वाजते. कापलेलं टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली घाला, खाचेतून बाजूला वाकवा आणि खुंटी फिरवा. वेढे वरून खाली जायला हवेत, एकावर एक नकोत. दोन-तीन वेढे पुरे. शेवटचा वेढा जितका खाली, तितकी तार नटवर घट्ट बसते.

सुरात आणल्यावर आणखी एक छोटी गोष्ट करा, जी बरेच जण सोडून देतात. नवी जाड तार नटवरून आणि सॅडलवरून कमानीसारखी जाते, तिथे तिला नेमका कोन नसतो. सॅडलच्या लगेच पुढे, नेकच्या बाजूला, अंगठ्याने तार हलकेच खाली दाबा. नटच्या पुढेही तसंच. तार त्या जागी मोडल्यासारखी बसते आणि सूर एकदम स्वच्छ होतो. मग तार हलकेच ओढून पुन्हा सुरात आणा, असं दोन-तीनदा.

सूर लावताना नटमधून टिकटिक ऐकू आली तर तार खाचेत अडकते आहे. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

नेक: ट्रस रॉडची पाव फेरी

लोक सर्वांत जास्त घाबरतात ते इथे. भीती अगदीच चुकीची नाही, पण काम अवघड नाही.

तारा नेकला पुढे ओढतात. नेकच्या आत बसवलेली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, तिला मागे ओढते. दोन्ही ताणांचा मेळ बसला की नेकला पुढच्या बाजूने अगदी किंचित खोलगटपणा उरतो. तो हवाच, कारण तार वाजताना मधल्या भागात सर्वांत जास्त हेलकावते आणि तिला तिथे जागा लागते.

मोजायचं असं. बेस सुरात आणा आणि वाजवताना धरता तसा मांडीवर धरा. टेबलावर आडवा ठेवला तर नेक स्वतःच्या वजनाने थोडी हलते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. उजव्या हाताने ई तार (सर्वांत जाड) शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता ती तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेची खालची बाजू आणि फ्रेटचा माथा यांत किती फट आहे ते पाहा. ०.२५ ते ०.३५ मिमी असेल तर नेकला हात लावू नका. गिटारची ०.०१२ ची तार त्या फटीत घाला: ती ई तारेला न उचलता, जेमतेम घासत गेली पाहिजे.

फट जास्त असेल तर रॉड घट्ट करायचा, फट नसेलच तर सैल. रॉडच्या नटाकडे तोंड करून पाहिलं की घड्याळाच्या दिशेने घट्ट होतो आणि नेक सरळ होत जाते. उलट दिशेने सैल होतो आणि खोलगटपणा वाढतो. एका वेळी पाव फेरीहून जास्त नाही, मी तर एक अष्टमांशच फिरवतो. घट्ट करताना आधी तारा थोड्या सैल करा म्हणजे रॉडवर जोर येत नाही. फिरवल्यावर पुन्हा सुरात आणा आणि पुन्हा मोजा. लाकूड सावकाश हलतं. शक्य असेल तर रात्रभर ठेवून सकाळी परत मोजा. मला कित्येकदा सकाळी वेगळा आकडा मिळाला आहे.

की फिरताना एकसारखा, घट्ट पण मऊ विरोध जाणवायला हवा. एकदम अडली, करकरली किंवा काहीच विरोध न होता फिरत राहिली तर तिथेच थांबा. जोर लावून रॉड तुटला तर नेक उघडावी लागते.

काही जुन्या पद्धतीच्या नेकमध्ये रॉडचा नट बॉडीच्या बाजूला लपलेला असतो आणि त्यासाठी नेक काढावी लागते. काही बेसना तिथेच एक चाक असतं, ज्यात सळई घालून ते फिरवता येतं. माझ्या मते सर्वांत सोयीची रचना हीच.

तारांची उंची आणि खडखड

नेक बसली की सतराव्या फ्रेटपाशी मोजा: फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत ई तारेला २.४ मिमी आणि सर्वांत बारीक जी तारेला २ मिमी ही सुरुवात चांगली. मधल्या दोन तारा या दोघींच्या दरम्यान, फ्रेटबोर्डच्या गोलाईला धरून. सॅडलवरचे छोटे स्क्रू दोन्ही बाजूंनी सारखे फिरवा, नाहीतर सॅडल तिरकं होतं आणि तार एका बाजूला सरकते.

यापुढे हात सांगेल तसं. जोराने वाजवणाऱ्याला जास्त उंची लागते. बोटांच्या टोकांनी हलकं वाजवणारा ई तार २ मिमीवरही ठेवू शकतो. तंबोऱ्याला जवारी हवी असते, बेसला ती फार तर चवीपुरती. अ‍ॅम्प लावून ऐकलं आणि खडखड ऐकू आली नाही तर ती आहे तशी राहू द्या. कान तारेला लावून ऐकलेली प्रत्येक खरखर घालवायला गेलात तर तारा इतक्या वर जातात की वाजवणं जड होतं.

खडखड कुठे होते त्यावरून कारण कळतं. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच होत असेल तर नेक फार सरळ किंवा मागे वाकलेली आहे. फक्त मोकळी तार खडखडते आणि दाबल्यावर नाही, तर नटची खाच खोल गेली आहे. बाराव्याच्या वर होत असेल तर तारा खाली आहेत किंवा नेकचा खोलगटपणा जास्त आहे. सगळीकडे होत असेल तर उंची वाढवा. आणि एकाच ठिकाणी, एकाच फ्रेटवर होत असेल तर पुढचा फ्रेट वर आला आहे. त्याला ट्रस रॉडने उत्तर नाही.

नटची उंची पाहायला तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर टिचकी मारा. कागदाएवढी फट दिसावी. मोठी फट असेल तर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात. खाच खोल करायला त्या तारेच्या जाडीची खास कानस लागते. साध्या कानशीने प्रयत्न करू नका. काढलेलं हाड किंवा प्लास्टिक परत चिकटत नाही.

इंटोनेशन

बाराव्या फ्रेटवर हलकं बोट ठेवून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार नेहमीच्या जोराने दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सारखे यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर तार लांब करायची, म्हणजे सॅडल मागे, नेकपासून दूर. उतरलेला असेल तर सॅडल पुढे. सॅडल हलवण्याआधी तार सैल करा, नाहीतर स्क्रूचे आटे खराब होतात. दर वेळी पुन्हा सुरात आणून तपासा.

चारही सॅडल एका रेषेत नसतात म्हणून घाबरू नका. जाड तार ताठर असते आणि दाबल्यावर जास्त चढते, म्हणून ई तारेचं सॅडल सर्वांत मागे असतं आणि जी तारेचं बहुधा सर्वांत पुढे. तुमच्या ब्रिजवर अशी तिरकी रेष दिसली की समजा, मार्ग बरोबर आहे. मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची असल्याने काही ट्यूनर तिथे चाचपडतात. नेकवरच्या पिकअपवर टोन थोडा बंद करून वाजवलं की काटा स्थिर होतो.

पिकअपची उंची

तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपच्या चुंबकापर्यंतचं अंतर मोजा. ई तारेखाली ३ मिमीच्या आसपास, जीखाली २ ते २.५ मिमी. जवळ आणलं की आवाज मोठा होतो, म्हणून सगळ्यांना जवळ आणायचा मोह होतो. पण चुंबक तारेला ओढतो. फार जवळ गेलं की वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो, थरथरल्यासारखा वाजतो, आणि माणूस पुन्हा इंटोनेशन तपासत बसतो. दोन पिकअप असतील तर ब्रिजकडचा थोडा जवळ ठेवा, कारण तिथे तार कमी हेलकावते.

इथवर आलात की बेस अर्धा तास नुसता वाजवा. सगळे बदल ऐका.

साफसफाई

वाजवून झालं की तारा आणि नेकची मागची बाजू कोरड्या कापडाने पुसा. रोजवुड किंवा एबनीच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एक-दोनदा फ्रेटबोर्डसाठीचं तेल, दोन-चार थेंब, लावून लगेच पुसून काढा. मेपलच्या फ्रेटबोर्डवर लाखेचा थर असतो. त्याला तेल नको, ओलसर कापड पुरे.

फ्रेट चमकवायला अतिबारीक, ०००० क्रमांकाची स्टील वूल चालते, पण आधी पिकअपवर पूर्ण चिकटपट्टी लावा. लोखंडाचे बारीक तंतू चुंबकाला चिकटतात आणि कधीच पूर्ण निघत नाहीत.

बॉडीवर जुन्या पद्धतीचा नायट्रोसेल्युलोजचा थर असेल तर रबराच्या स्टँडपासून जपा. रबर त्या रंगाला चिकटून डाग पाडतं. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड सुखात राहतं. फार कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाजूने हाताला टोचायला लागतात.

आवाज जातो, खरखरतो, गुणगुणतो

सर्वांत जास्त बिघडतो तो जॅक, म्हणजे केबल खुपसायची जागा. त्याचा नट सैल झाला की माणूस बाहेरून पाना लावून फिरवतो. मीही तेच केलं होतं, एका कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी. बाहेर नट फिरत होता आणि आत त्याच्याबरोबर अख्खा जॅक. आतल्या दोन वायरी पिळल्या गेल्या, एक तुटली आणि बेस मुका झाला. तेव्हापासून झाकण उघडून जॅक आतून पकडल्याशिवाय मी तो नट घट्ट करत नाही, आणि तुम्हीही करू नका. आत पट्टीसारखा भाग असतो, तो प्लगच्या टोकाला नीट दाबत नसेल तर हलकेच आत वाकवा.

व्हॉल्यूम किंवा टोन फिरवताना खरखर होत असेल तर पॉटमध्ये, म्हणजे त्या बटणाखालच्या फिरत्या भागात, धूळ आहे. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या छोट्या फटीतून मारा आणि वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवा. दारांच्या बिजागऱ्यांना मारतात तो तेलाचा फवारा इथे वापरू नका. तो आत थर सोडतो आणि धूळ आणखी धरून ठेवतो.

गुणगुणण्याचा अर्थ हाताने समजतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची वायर शाबूत आहे. तारांना हात लावून फरक पडत नाही, पण केबलच्या प्लगच्या धातूला लावल्यावर पडतो, तर ती वायर ब्रिजखाली सुटली आहे. ब्रिजचे स्क्रू सैल करून पाहा. बऱ्याच वेळा तांब्याचे तंतू तिथे नुसते दाबलेले असतात आणि सरकून बाहेर येतात.

जॅझ बेसवर (फेंडरच्या दोन पिकअपच्या बेसवर) एकच पिकअप चालू ठेवला की गुणगुण येते आणि दोन्ही पूर्ण उघडले की जाते. हा बिघाड नाही. दोन्ही पिकअपची चुंबकं आणि गुंडाळणी उलट दिशांची असतात, म्हणून दोन्ही सारख्या जोरात चालू असले की त्यांची गुणगुण एकमेकांना खोडते. १९५७ पासूनच्या प्रिसिजन बेसमध्ये एकाच पिकअपचे दोन तुकडे असतात, त्यांत हीच युक्ती आहे.

अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि बहुतेक बेसमध्ये केबल खुपसल्याक्षणी ती चालू होते. वाजवून झालं की केबल काढा. आवाज फाटायला किंवा बारीक व्हायला लागला तर आधी बॅटरी मोजा. ७ व्होल्टच्या आसपास आली असेल तर बदला.

सोल्डरिंग

सोल्डर इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा, आत रोझिन असलेला हवा. नळकामाचा आम्लाचा फ्लक्स पॉट खाऊन टाकतो. सोल्डरिंगची इस्त्री ३५० अंश सेल्सियसच्या आसपास. आधी टोकाला थोडा सोल्डर लावून ते चकचकीत करा. मग टोक जोडावर टेकवा, दोन सेकंद थांबा, आणि सोल्डरची तार इस्त्रीच्या टोकाला न लावता जोडाला लावा. जोड पुरेसा तापला असेल तर सोल्डर पाण्यासारखा वाहून पसरतो. गोळा होऊन बसला तर जोड थंड आहे. तो आज चालेल आणि दोन महिन्यांनी दगा देईल. थंड होईपर्यंत वायर हलवू नका.

सर्वांत कठीण जोड पॉटच्या पाठीवरचा, कारण तो धातू उष्णता पिऊन टाकतो. तिथे आधी पॉलिश पेपरने घासून चमक काढा आणि इस्त्रीला रुंद टोक लावा. बारीक टोकाने अर्धा मिनिट घासत बसलात तर आतला पॉट जळतो.

खिडकी उघडी ठेवा, काम झालं की हात धुवा, बेसच्या रंगावर जाड कापड टाका. आणि एकही वायर सोडवण्याआधी सगळ्यांचा जवळून फोटो काढा.

फेरफार: कुठून सुरू करावं

माझं मत स्पष्ट आहे: पहिला फेरफार तारांचा करा. नेहमीच्या राउंडवाउंड (गोल वेटोळ्यांच्या) तारांऐवजी फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्यांच्या) चढवल्या की बेसचा स्वभावच बदलतो. चकचकाट जातो, बोटांचा घासण्याचा आवाज जातो, मागे उरतो गोल, भरीव सूर. मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारा बेसवादक जेम्स जेमरसन आपल्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड तारा लावायचा आणि त्या वर्षानुवर्षं बदलत नसे. फ्लॅटवाउंडचा ताण बऱ्याचदा जास्त असतो, म्हणून चढवल्यावर नेकपासून सगळी मापं पुन्हा घ्या. नटच्या खाचांत जाड तार बसते का तेही पाहा.

दुसरा सोपा बदल टोनच्या कपॅसिटरचा. बहुतेक पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसमध्ये ०.०४७ मायक्रोफॅरडचा असतो. ०.१ चा लावला तर टोन बंद केल्यावर आवाज आणखी गडद होतो, ०.०२२ चा लावला तर बंद टोनमध्येही थोडी धार राहते. टोन पूर्ण उघडा ठेवून वाजवणाऱ्याला मात्र जवळजवळ काहीच फरक ऐकू येणार नाही. महागड्या, जुन्या काळच्या कपॅसिटरमागे धावू नका, आकडा महत्त्वाचा. मी दोन मगरी क्लिप लावून चार-पाच कपॅसिटर एकामागून एक ऐकतो आणि आवडलेला सोल्डर करतो.

तिसरा, तांब्याच्या पत्र्याचं अस्तर. एकच कॉइल असलेल्या पिकअपच्या बेसला वायरिंगच्या पोकळीतून जी भणभण येते ती यानं कमी होते. पिकअपची स्वतःची गुणगुण पूर्ण जात नाही. वायरिंगचे भाग बाहेर काढून पोकळीच्या तळाला आणि भिंतींना चिकट पत्रा लावा, कडा थोड्या वर काढा म्हणजे झाकणाखालचा पत्रा त्यांना टेकेल. दोन पट्ट्यांमध्ये चिकट भाग येतो, तिथे सोल्डरचा ठिपका द्या. एक वायर पत्र्यापासून ग्राउंडला जोडा आणि मल्टिमीटरने कुठल्याही दोन टोकांत सलगता आहे का ते तपासा. मग येते ती नेहमीची फजिती: सगळं बंद केलं, केबल लावली आणि आवाजच नाही. जॅकचं सिग्नलचं पान पत्र्याला टेकलेलं असतं. त्या जागी भिंतीवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी आधीच लावून ठेवा, आणि प्लग आत असताना ते पान कुठवर सरकतं तेही पाहून घ्या.

पिकअप बदलायचे असतील तर आधी आकार मोजा. जॅझ बेसचे नेककडचे आणि ब्रिजकडचे पिकअप बऱ्याच बेसवर वेगळ्या लांबीचे असतात. नवा पिकअप बसवल्यावर दोन्ही एकत्र चालू करून ऐका. दोन्ही मिळून आवाज पोकळ, बारीक आणि खर्ज गायब असा आला तर फेज उलटी आहे. एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली की बहुधा ठीक होतं. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट आणि हमबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५०० चे अशी पद्धत आहे. मोठ्या पॉटने आवाज उजळ होतो. अ‍ॅक्टिव्ह पिकअपना बरेचदा २५ किलोओहमचे लागतात, ते आणि हे मिसळू नका.

जॅझ बेसवाल्यांनी एक बदल नक्की करून पाहावा: ओढायचा-दाबायचा पॉट बसवून दोन्ही पिकअप समांतर किंवा एकामागे एक जोडणं. एकामागे एक जोडले की आवाज मोठा आणि मधला भाग जाड होतो. बेसला एकही नवं भोक पाडावं लागत नाही आणि उद्या नको वाटलं तर जुना पॉट परत बसतो. परत फिरता येईल असाच फेरफार नवख्याने करावा.

म्हणूनच फ्रेट उपटून फ्रेटलेस करणं मी पहिल्या बेसवर करू देत नाही. फ्रेट ओढताना लाकडाचे कपचे उडतात, खाचा लाकडी पातळ पट्ट्यांनी भराव्या लागतात आणि राउंडवाउंड तारा उघडं लाकूड खातात. बेसवादक जॅको पास्टोरिअसच्या फ्रेटलेस जॅझ बेसच्या फ्रेटबोर्डवर इपॉक्सीचा कडक थर होता, तो याचसाठी. हौस असेल तर स्वस्तातली वेगळी नेक घ्या आणि मूळ नेक जपून ठेवा.

नेक काढलीत तर परत बसवताना स्क्रू आधी उलटे फिरवा. हाताला एक बारीक टक् जाणवेल: स्क्रू जुन्या आट्यांत बसला. मग सुलटा घट्ट करा. थेट घट्ट केला तर तो लाकडात नवे आटे पाडतो आणि दोन-तीन वेळांत भोक सैल होतं. बेल्टच्या खुंटीचं किंवा झाकणाचं भोक सैल झालंच असेल तर लाकडाच्या दातकोरण्या सुताराच्या गोंदात बुडवून भोकात भरा, वाळल्यावर वरून कापा आणि स्क्रू पुन्हा बसवा.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर लगेच मरतो का? बऱ्याच बेसवर मरतो. त्या सुराला नेक स्वतः थरथरते आणि तारेची ताकद खाते. हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाला) छोटा क्लॅम्प लावून पाहा; वजन बदललं की ती जागा सरकते. सेटअप चुकलाय असं समजून नेक फिरवत बसू नका.

कारागिराकडे कधी

फ्रेट झिजून खाचा पडल्या असतील, नेक पिळलेली असेल, म्हणजे ई तारेखाली वेगळी फट आणि जी तारेखाली वेगळी, ट्रस रॉड अडला असेल किंवा हेडस्टॉकला चीर असेल, तर बेस कारागिराकडे न्या. चीर असेल तर तारा आधी सैल करा. आणि अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. विशेषतः ट्यूब अ‍ॅम्पच्या आत प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल एवढा विद्युतभार साठलेला असू शकतो.

कारागिराकडे जाताना वही बरोबर घ्या. तारांची जाडी, कुठला सूर लावता, बोटांनी वाजवता की पिकने, आणि खडखड नेमकी कुठल्या तारेवर, कितव्या फ्रेटला, एवढं सांगितलं की त्याचा निम्मा वेळ वाचतो.